आधी तार आणि यूपीएस पाहा, मग सॉफ्टवेअरला दोष द्या

जीएसटीच्या विवरणपत्राची तारीख जवळ आली की बाजारात एक तक्रार हमखास ऐकू येते: टॅली चालत नाही. डेटा दुकानातल्या संगणकावर, दुसरा संगणक गोदामात, तिसरा मालकाच्या टेबलावर, आणि तिन्हींवर एकच कंपनी उघडलेली. आधी बिल निघायला वेळ लागू लागतो, मग एके दिवशी कंपनी उघडतच नाही. विक्रेता सांगतो, नवा संगणक घ्या. आमच्या मते बहुतेक दुकानांत हा खर्च वाया जातो, कारण खोट सॉफ्टवेअरमध्ये नसते, ते ज्या रीतीने मांडले आहे त्या रीतीत असते.

टॅलीच्या नेहमीच्या बहुवापर मांडणीत डेटाचे फोल्डर एका यंत्रावर असते आणि बाकीची यंत्रे ते नेटवर्कवरून थेट उघडतात. गोदामातल्या मुलाने वर्षभराची उधारी मागितली की त्यासाठी लागणारी सगळी माहिती तारेतून त्याच्या यंत्राकडे जाते. मध्ये जुना १०० मेगाबिटचा स्विच असेल, किंवा तार वाचवण्यासाठी वायफायवर काम चालत असेल, तर संथपणा येणारच. त्यात डेटाच्या यंत्रावरच मुले दिवसभर व्हिडिओ पाहत असतील तर बोलायलाच नको. चांगली तार आणि गिगाबिट स्विच यांचा खर्च नव्या संगणकापेक्षा पुष्कळ कमी आहे.

संथपणा सोसता येतो. फाइल बिघडणे महागात पडते. नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली किंवा वायफाय तुटले, तर ती अर्धवट राहते आणि पुढची खतावणी जुळत नाही. भिवंडी-मालेगावात वीज जाण्याचे कुणाला नवल नाही, म्हणून डेटाच्या यंत्राला यूपीएस बहुतेकांनी लावलेला असतो. पण स्विचला? तिथे गफलत होते. यंत्र चालू राहते, स्विच बंद पडतो आणि गोदामातली नोंद मध्येच तुटते. त्या छोट्या डबीलाही यूपीएसवर जागा द्यावी.

अलीकडे काही जण चालू डेटाचे फोल्डरच गूगल ड्राइव्हमध्ये ठेवतात. हे धोक्याचे आहे. फाइल बदलत असतानाच तिची नक्कल वर जाते, आणि दोन ठिकाणी काम झाले की कोणती प्रत खरी हे सांगता येत नाही. ड्राइव्हवर बॅकअप पाठवावा, चालू फोल्डर नव्हे.

बिघाड झालाच तर घाईने रिपेअर करू नये. जुन्या ईआरपी ९ मध्ये यालाच रीराइट म्हणत. या क्रियेत वाचता न येणारी नोंद गळू शकते. म्हणून आधी सर्व यंत्रांवर टॅली बंद करावी, फोल्डर जसेच्या तसे दुसरीकडे उतरवून ठेवावे आणि मगच रिपेअर करावे. नंतर शेवटच्या आठवड्याची बिले कागदाशी ताडून पाहावीत. हे काम ऑपरेटरवर सोडू नये, मालकाने जवळ बसावे. सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येते. कुणाकडे किती येणे, कोणत्या कारागिराला किती पेशगी दिली, हे एकदा गेले की मागायला तोंड राहत नाही, आणि रमजानमध्ये जकातीचा हिशोबही अंदाजाने करावा लागतो.

कायद्याचाही प्रश्न आहे. जीएसटीखाली हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. सीजीएसटी नियम ५७ प्रमाणे संगणकावरील हिशोबाचा बॅकअप असा हवा की अपघात झाला तरी माहिती वाजवी वेळेत परत मिळावी. गल्ल्यातला पेनड्राइव्ह त्याला पुरत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा गल्ला आणि संगणक एकाच पाण्यात होते. एक प्रत रोज घरी जावी.

ती प्रत उघडते की नाही हे मात्र फार थोडे जण पाहतात. महिन्यातून एकदा बॅकअप रिस्टोर करून पाहावा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. चालू फोल्डरवर केला तर आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी येऊन बसतील.