जीपचा दम कोठें गेला ?

गेल्या खेपेस या सदरांत विहिरीवरील पंपाचा विचार केला होता. तो वाचून वसईहून माझ्या धाकट्या बहिणीचा निरोप आला, "दादा, पंपाचें राहूं दे. आमची जीप चढावर एकाएकीं मरते, आणि गिअर बदलतांना असे हिसके देते कीं सासूबाईंना तिच्यांत बसविण्याची भीति वाटते. मिस्त्री म्हणतो, डिझेलचा पंपही गेला आणि गिअरबॉक्सही. हे भंगारवाल्यास बोलावणार आहेत."

या सासूबाईंना आठवड्यांतून तीनदां डायालिसिससाठीं न्यावें लागतें. घर निर्मळच्या बाजूस वाडींत. पावसाळ्यांत त्या भागाची स्थिति काय होते हें वसईकरांस सांगावयास नको. २०१८ सालच्या जुलैंत नालासोपाऱ्यापाशीं रुळांवर पाणी चढून आगगाड्या थांबल्या, तेव्हां घरची लहान मोटार अंगणांतच अडकली आणि बाहेर निघाली ती ही जुनी जीपच. तेव्हां भंगारवाल्याआधीं मीं जाऊन यावें असें ठरलें.

जीप हें मूळचें युद्धांतलें वाहन. महायुद्ध संपल्यावर १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें मुंबईस विलीस जातीच्या जीप जोडण्यास आरंभ केला, आणि पुढें खेड्यापाड्यांतील डॉक्टर, मामलेदार व बागाइतदार या सर्वांच्या दारीं ती दिसूं लागली. तिचें वैशिष्ट्य म्हणजे गिअरच्या दांड्याशेजारचा दुसरा दांडा. त्यानें पुढच्या चाकांसही एंजिनाचा जोर मिळतो. तो दांडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

जातांच मीं भाच्यास दोन प्रश्न विचारले. दम जातो तेव्हां एंजिनाचा आवाज चढतो कीं बसतो? आवाज चढत असून गाडी पुढें सरकत नसेल, तर क्लच घसरतो असें समजावें; आवाजच बसत असेल, तर एंजिनास डिझेल किंवा हवा पुरत नाहीं. भाचा म्हणाला, "मामा, आवाजच बसतो." दुसरा प्रश्न असा कीं, गाडी उभी असतां गिअर कसा पडतो? याची परीक्षा तेथेंच करून पाहिली. एंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकले, ते सहज पडले. मग एंजिन चालूं करून, क्लच पुरता दाबून पुन्हां टाकले, तेही सहज पडले. एंजिन बंद असतां सहज आणि चालूं असतां खरखर, असें झालें असतें तर क्लच पुरता सुटत नाहीं हें उघड होतें. क्लचचें तेल उतरलें असलें तरी तसें होतें. दोन्ही वेळां अडलें असतें तर गिअरबॉक्सवर संशय घ्यावयास जागा होती. येथें दोन्ही निर्दोष. म्हणजे हिसका बसतो तो केवळ गाडी चालत असतां.

मी शेजारीं बसून एक फेरी मारली. क्लच दाबतांच, कोणी ब्रेक लावावा तसा, वेग उतरे. मग पुढचा गिअर धड कसा बसणार? वळणावर तर गाडी अडखळून चाले. खालीं उतरून चाकांच्या तुंब्यांजवळ हात नेला. कोणतीही विशेष तापलेली नव्हती, तेव्हां ब्रेक चिकटले नव्हते. मग नजर त्या दुसऱ्या दांड्याकडे गेली. तो गुंतलेलाच होता! आठवड्यापूर्वीं कळंबच्या किनाऱ्यावर कोणा पाहुण्याची मोटार वाळूंत रुतली, ती ओढून काढण्यासाठीं भाच्यानें तो गुंतविला आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर सोडविण्यास विसरला.

वळणावर पुढचीं चाकें मागच्या चाकांहून मोठा फेरा घेतात. वाळूंत चाक थोडें घसरतें व हा फरक भागून जातो. डांबरावर चाक घसरत नाहीं, आणि या जातीच्या जीपमध्यें पुढच्या व मागच्या आंसांमध्यें फरक सोसणारें यंत्र नसतें. म्हणून तो पीळ दांतचाकांत सांचत राहतो. दांडा ओढला तर तो हालेना. गाडी सरळ रेषेंत पांचसहा हात मागें घेतली, पीळ उतरला आणि दांडा सुटला. हिसके तेथेंच संपले.

माझी चूक अशी कीं, मीं लगेच पोळीचा घांस घेतला व रोग बरा झाला असें जाहीर केलें. संध्याकाळीं वसई रोडच्या पुलावर जीप पुन्हां मेली. पांच मिनिटें उभी राहिली आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी चालूं लागली. हें उभें राहून सांवरणें महत्त्वाचें आहे. धूर काळा नव्हता, म्हणजे हवा अडलेली नव्हती. डिझेलच पुरत नव्हतें. टाकीचें झांकण उघडलें तर हवा शोषल्याचा आवाज आला नाहीं, म्हणजे हवेची वाटही मोकळी. मात्र झांकणाचें रबर तडकलेलें होतें. एंजिन बंद करून फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला व काचेचा पेला खालीं धरला. वर डिझेल, खालीं तीन बोटें पाणी आणि तळाशीं काळा चिखल! सपाटीवर निभावत होतें. चढावर डिझेल जास्त लागे, तेवढें त्या चिखलांतून येत नसे.

टाकीचा तळ रिकामा केला, नवा फिल्टर व रबर बसविलें, हातपंपानें आंतील हवा काढली. खर्च पंप उघडण्याच्या मानानें नगण्य. एक सूचना मात्र आवश्यक आहे: एंजिन चालूं असतां पंपाकडून एंजिनाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांना हात लावूं नये, त्यांतील डिझेलचा झोत कातडी भेदून आंत जातो.

मेहुण्यांनीं भंगारवाल्यास परत पाठविलें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, ते कागद त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं बाहेर काढले. बहिणीनें त्या दुसऱ्या दांड्यास लाल नाडा बांधला आहे, आणि सासूबाई बसल्याबरोबर प्रथम त्याकडे पाहून भाच्यास विचारतात, "सोडलास ना रे?"