साभार परत

दिवाळी अंकांसाठी साहित्य मागविणारी निवेदने पावसाळ्याच्या तोंडाशी प्रसिद्ध होऊ लागतात, आणि महाराष्ट्रातील कितीतरी घरांत कोणीतरी एकजण घरातली इतर माणसे झोपण्याची वाट पाहू लागतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा वार्षिक उपास चालू आहे. तालुक्याच्या बँकेतला कारकून, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, दोन खोल्यांच्या संसारातून रात्री तासभर वाचविणारी गृहिणी, असे हे लोक. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे पुढे कोणाला ठाऊक होणार आहेत. पण भाषेच्या पुढच्या पिढीचे लेखक यायचे ते याच गर्दीतून.

या मंडळींच्या सवयी मोठ्या गमतीच्या असतात. नवी वही आणली की पहिले पान सुवाच्य अक्षरात उतरते, तिसऱ्या पानावर खाडाखोड सुरू होते आणि दहाव्या पानापूर्वी दुसरी वही येते. बढती झाली की लिहू, बदली रद्द झाली की लिहू, मुलीचे लग्न उरकले की लिहू, असे संकल्प वर्षामागून वर्षे सोडले जातात. याहून घातक सवय म्हणजे कथा लिहिण्यापूर्वी ती मित्रांना सांगण्याची. कट्ट्यावर दाद मिळते, सांगणाऱ्याचे समाधान होते, आणि घरी येऊन कागद पुढे ओढला की हाती काहीच उरलेले नसते. सांगून संपलेली गोष्ट पुन्हा लिहायला बसणे हे शिळ्या भाताला कढ आणण्यासारखेच.

वेळ मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण ती पुरी खरी नाही. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत नोकरी करीत होते, अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात होते, बाबुराव बागूल रेल्वेत होते. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली आणि मग ते शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ साली आला. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहीत होते. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ पंचविशीच्या आत-बाहेर, मोजक्या दिवसांत लिहून काढली, ही हकीकत मात्र नवोदितांना अधिक प्रिय असते. त्या मोजक्या दिवसांमागे किती वाचन आणि किती अस्वस्थता साठली होती, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

बायकांची गोष्ट निराळी. त्यांच्या वेळेवर इतर सर्वांचा हक्क आधी. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेल्या ओव्या मुलाने आणि नातलगांनी टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघाले. टिपून घेणारे कोणी नव्हते अशा घरांत काय काय विरून गेले, याचा हिशेब लागणे शक्य नाही.

तथापि वेळेहूनही दुर्मिळ झाला आहे तो प्रामाणिक वाचक. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. तिच्या संपादकांकडून, विशेषतः राम पटवर्धनांकडून, कथा परत येई ती पत्रासह. कोणते पात्र उभे राहिले नाही, शेवट कोठे घसरला, हे त्यात असे. आणि पुन्हा लिहून पाठवा, असेही असे. १९६९ साली काही तरुणांनी या मासिकाच्या अंकाची होळी केली. अभिरुचीच्या मक्तेदारीवरचा त्यांचा राग अस्थानी होता असे म्हणता येणार नाही. परंतु मक्तेदारी गेली तशी पत्रेही गेली. आज ई-मेलने पाठविलेल्या कथेला बहुधा ना होकार येतो ना नकार. उलट फेसबुकवर टाकलेल्या चार ओळींना अर्ध्या तासात शंभर अंगठे मिळतात, आणि त्यांतला एकही अंगठा तिसरी ओळ काढून टाका असे सांगत नाही. मग कोणी प्रकाशक भेटतो. तो खर्च लेखकाकडून घेतो, उरलेल्या प्रती त्याच्याच घरी पोचवितो, आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम माळ्यावर धूळ खात पडते. पुस्तक निघालेले असते. वाचलेले कोणी नसते.

साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते, हे स्तुत्य आहे. संमेलनालाही सरकारी मदत मिळते. पण हा पैसा हस्तलिखित पुरे झाल्यानंतरचा किंवा मांडवाचा. हस्तलिखित अपुरे असताना ते वाचून त्यावर दोन पाने अभिप्राय लिहिणाऱ्या जाणत्या माणसाला मानधन देण्याची तरतूद साहित्यसंस्थांना का करता येऊ नये? मांडवाच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ ठरेल. १९६७ च्या कायद्यान्वये अनुदान घेणाऱ्या तालुक्याच्या ग्रंथालयांनी एखादे टेबल लिहिणाऱ्यांसाठी सकाळी सात वाजता मोकळे ठेवले, तर त्यांचे वीजबिल फारसे वाढणार नाही. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी शंभर कथांपैकी दहांना तरी, त्या का घेतल्या नाहीत, हे चार ओळींत कळवावे. नकाराचे पत्र वर्षानुवर्षे जपून ठेवणारे लेखक मराठीत पुष्कळ होऊन गेले. न आलेले पत्र कोणाला जपता येत नाही.