ऊस तोच, मग गाव वेगळं का?

एकरी उतारा वाढला की गाव सुधारलं, असं आपण धरून चालतो. आम्ही शेती खात्याची माणसंही बांधावर तेच सांगतो. बेणं बदला, ठिबक करा, टनेज वाढवा. पण टनेज वाढूनही गावातली काही घरं आहे तिथंच का राहतात? याचं उत्तर आमच्या घडीपत्रिकेत नसतं. त्यासाठी थोडं लांब, अमेरिका खंडात जावं लागतं.

स्टॅनले एंगरमन आणि केनेथ सोकोलॉफ हे अमेरिकेतले दोन आर्थिक इतिहासकार. सोकोलॉफ २००७ साली वारले, एंगरमन २०२३ साली. १९९७ मध्ये त्यांनी एक साधा प्रश्न मांडला. सतराव्या-अठराव्या शतकात क्यूबा, बार्बाडोस, हैती ही उसाची बेटं उत्तरेकडच्या वसाहतींपेक्षा श्रीमंत होती. मग पुढं अमेरिका आणि कॅनडा पुढं गेले अन् ही बेटं, ब्राझील, मेक्सिको मागं का पडले?

गव्हाचा शेतकरी, उसाचा मळा

त्यांचं उत्तर शेतकऱ्याला चटकन समजेल असं आहे. गहू एका कुटुंबाला पेलतो. उसाचं तसं नाही. तोडलेला ऊस लगेच गाळला नाही तर उतारा घटतो, हे आपल्याकडं पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळं घाणा मोठा, मळा मोठा, आणि राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. मूठभर मळेवाले एकीकडं, बाकी सगळे दुसरीकडं. मेक्सिकोत ऊस हे मुख्य कारण नव्हतं. तिथं स्पेनच्या राजवटीनं जमीन आणि तिच्यावर राबणारी स्थानिक माणसं थोड्यांच्या हाती दिली.

याचा परिणाम पुढं दीडदोनशे वर्षं टिकला. १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या ग्रामीण भागात शंभरातल्या सुमारे ७५ कुटुंबांकडं स्वतःची जमीन होती, कॅनडात ८७ कुटुंबांकडं. मेक्सिकोत १९१० साली हा आकडा अडीचसुद्धा नव्हता. अमेरिकेनं १८६२ च्या कायद्यानं पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर दिले. अर्थात ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, आणि दक्षिणेत गुलामांचे कापसाचे मळे होतेच, हेही विसरून चालणार नाही.

जमिनीमागोमाग शाळा आली. ज्यांच्या हाती सत्ता त्यांना मजुराची पोरं शिकवायला कर भरायचा नव्हता. १८७० च्या आसपास अमेरिकेत दहातली आठ माणसं साक्षर होती, ब्राझीलमध्ये दोनसुद्धा नव्हती. आणि लिहिता येत नाही म्हणून मत नाही! ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताचा हक्क परत मिळाला तो थेट १९८५ साली.

हे मत सगळ्यांना पटलेलं नाही. जेफ्री विल्यमसन यांच्या मते यंत्रयुगाआधी लॅटिन अमेरिकेतली विषमता त्या काळच्या युरोपपेक्षा फार जास्त नव्हती; तेव्हा सगळा दोष जुन्या वसाहतींवर टाकता येत नाही. वाद आहे. पण शेती, शाळा आणि मत यांची गाठ एकमेकांशी बांधलेली असते, एवढं तरी त्यातून शिकण्यासारखं आहे.

आपला हिशेब

आपल्याकडं ऊस आला पण मळेवाल्यांचं राज्य आलं नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लहान शेतकऱ्यांना सभासद करून कारखाना उभा केला. म्हणजे घाणा मोठा असला तरी मळा मोठा असावाच लागतो असं नाही. मालकी कशी बांधता, यावर ते ठरतं. मताचा हक्कही आपण पहिल्या निवडणुकीपासून अंगठेबहाद्दरालाही दिला.

पण ऊस तोडतो कोण? दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्याची जोडी बीडकडून निघते, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. त्यातल्या बऱ्याच घरांना जमीन नाही, असली तर कोरडवाहू तुकडा. बरोबर गेलेल्या पोराचं शाळेचं अर्धं वर्ष फडात जातं. पुढच्या पिढीत त्याच्याही हाती कोयताच येतो. आणि जमीनवाल्याचंही काही सुखाचं नाही. राज्यात सरासरी धारणा १९७०-७१ साली सव्वाचार हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर राहिली. एवढ्या तुकड्यावर सगळ्या भावंडांचं भागणार नाही. कुणाला तरी शिकून बाहेर पडावंच लागणार.

म्हणून ग्रामसभेत ठिबकच्या अनुदानाची चौकशी जरूर करा. पण त्याच बैठकीत एवढंही विचारा: गावातून तोडीला किती जोड्या गेल्या, त्यांची किती पोरं मागं राहिली, आणि त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह सुरू झालं का? एकरी उतारा आम्ही वाढवून देऊ. हा दुसरा हिशेब मात्र गावानंच मांडायचा आहे.