केसांचे काय घेऊन बसलात?

दीर्घ व्याधीतून उठत असलेल्या माणसाचे, त्यातही स्त्रीचे, केस मुठीमुठीने गळू लागले आणि तिने त्याविषयी दुःखाचा एखादा शब्द उच्चारला, की घरातील वडीलधाऱ्यांपासून दवाखान्यातील परिचारिकेपर्यंत सर्वांच्या ओठांवर एकच उत्तर तयार असते: जीव वाचला हे काय थोडे झाले, केसांचे काय घेऊन बसलात! हे उत्तर देणाऱ्यांचा हेतू दुष्ट असतो असे माझे म्हणणे नाही. बहुधा तो प्रेमळच असतो. परंतु हेतूच्या शुद्धतेने विचारातील दोष झाकला जात नाही. हा विचार सदोष आहे, रुग्णाला अपायकारक आहे, आणि क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जिथे अकोले तालुक्यातील डोंगरातून आणि जामखेडच्या माळावरून कर्करोगाची माणसे उपचारासाठी पुण्याला, नाशिकला, नाहीतर थेट परळच्या टाटा रुग्णालयात जातात, तिथे तर त्याचे परिणाम विशेषच जड होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिपक्षाचे पहिले म्हणणे असे की केस हा अलंकार आहे, अवयव नव्हे. तेव्हा त्याच्या जाण्याचा शोक करणे ही केवळ रूपाची हौस होय. हे म्हणणारे आपल्याच समाजाचा इतिहास विसरतात. ज्या महाराष्ट्रात नवऱ्याच्या मृत्यूबरोबर बायकोचे केस उतरविण्याची रूढी शास्त्राच्या नावाने चालत आली, ज्या रूढीविरुद्ध आगरकरांना ‘सुधारका’त लेखणी झिजवावी लागली, हरिभाऊ आपट्यांना ‘पण लक्षात कोण घेतो’सारखी कादंबरी लिहावी लागली आणि १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांना एकत्र येऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार करावा लागला, त्या महाराष्ट्रात स्त्रीच्या मस्तकावरील केसांना केवळ शोभेची वस्तू म्हणणे हे अज्ञान तरी आहे किंवा बेफिकिरी तरी. केशविहीन स्त्रीमस्तकाला येथे एक अर्थ चिकटलेला आहे, तो पिढ्यानुपिढ्यांच्या क्रौर्याने चिकटविलेला आहे, आणि रुग्ण स्त्री आरशात पाहते तेव्हा तिला आपल्या रूपाची हानी तेवढी दिसत नाही, तर तो अर्थ दिसतो.

यावर कोणी म्हणेल की केशवपन ही मूठभर वरिष्ठ जातींची रूढी होती, शेवगाव-पाथर्डीहून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कष्टकरी स्त्रीचा तिच्याशी काय संबंध? आक्षेप अर्धा खरा आहे. वस्तरा सर्व जातींतील स्त्रियांवर फिरला नाही हे मान्य. पण मुंडनाचा सुतकाशी असलेला संबंध कोणत्या एका जातीपुरता नाही. बाप गेला की मुलाने डोके उतरवायचे, हे गावोगाव सर्वांना ठाऊक आहे. शिवाय वैधव्य अशुभ मानण्याची वृत्ती इतकी खोलवर रुजलेली आहे की कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने केला तो २०२२ साली, आणि राज्य शासनाला तोच कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवावा लागला तोही त्याच वर्षी. अशा वातावरणात सौभाग्यवती असूनही डोक्यावर केस नाहीत म्हणून एखादी स्त्री हळदीकुंकवाला जाण्याचे टाळत असेल, लग्नकार्यात मागच्या खोलीत बसत असेल, तर तिला हौशी म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. पुरुषांनाही हे दुःख होते, दाढी-भुवया गेल्या की त्यांनाही चेहरा परका वाटतो. रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्या मुलाला शाळेत परतताना सवंगड्यांच्या नजरा सोसाव्या लागतात. परंतु सर्वांत मोठा भार स्त्रीच्या वाट्याला येतो यात शंका नाही.

दुसरे म्हणणे असे की गेलेले केस परत येतातच, मग चर्चा कशाला? येतात हे बहुतांशी सत्य आहे, आणि ते सत्य नीट समजून घेण्यासारखे आहे. मस्तकावरील सुमारे एक लाख केसांपैकी बहुसंख्य केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत असतात व थोडे विश्रांतीत असतात. निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० केस गळतात. विषमज्वर, डेंग्यू, कोविड, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांचा आघात झाला म्हणजे वाढीतले पुष्कळसे केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन ते तीन महिन्यांनी, म्हणजे माणूस बरा झालो म्हणून कामाला लागल्यावर, गळू लागतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पारनेर तालुक्यातील भाळवणीच्या कोविड केंद्रातून आणि नगरच्या बूथ रुग्णालयातून जी माणसे सुखरूप घरी परतली, त्यांच्यासारख्या कित्येकांच्या वाट्याला नंतर हा अनुभव आला असेल. या प्रकारात मुळे जिवंत असतात. ऊस तोडल्यावर बुडख्यातून खोडवा फुटावा तसे नवे केस फुटतात, आणि गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत थांबते.

कर्करोगावरील रसायनोपचाराची, म्हणजे लोक ज्याला केमो म्हणतात त्याची, गोष्ट निराळी. येथे औषध वाढीतल्या पेशींवरच घाव घालते, म्हणून पहिल्या मात्रेनंतर दोन ते तीन आठवड्यांतच केस जातात, आणि कधीकधी भुवया व पापण्याही जातात. पण प्रत्येक औषधाने तसे होत नाही. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांनी बहुधा सर्व केस जातात. इतर काही औषधांनी ते नुसते विरळ होतात. उपचार संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत नवे केस दिसू लागतात, आरंभी ते कुरळे किंवा वेगळ्या रंगाचेही असू शकतात. किरणोपचाराने मात्र ज्या भागावर किरण पडतात तेथलेच केस जातात, आणि मस्तकावर मात्रा मोठी असेल तर ते कायमचेही जाऊ शकतात.

आता विचार करा: हे सारे ज्ञान रुग्णाच्या उपयोगी कधी पडणार? केस गळण्यापूर्वी सांगितले तरच. नंतर सांगितलेले ‘येतील हो परत’ हे नुसते सांत्वन, आणि सांत्वनावर घाबरलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही. म्हणजे केस परत येतात या तथ्यातून चर्चा नको असा निष्कर्ष निघतच नाही. चर्चा आधी करा, असाच निघतो.

पण येथेच तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत घातक, म्हणणे आडवे येते: तिला आधी सांगू नका, सांगितले तर ती उपचारच घेणार नाही. या शिरस्त्याने आपल्या घराघरांत रोगाचे नाव लपविले जाते, औषधाचे नाव लपविले जाते, ‘ताकदीचे सलाईन आहे’ असे सांगून बाईला खुर्चीत बसविले जाते. आणि कागदावर अंगठा किंवा सही मात्र तिचीच घेतली जाते. ज्यांना हा व्यवहार दयाळूपणाचा वाटतो त्यांना माझा प्रश्न असा की तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचा पुंजका पडेल तेव्हा तुम्ही काय सांगणार? ती अडाणी असेल, पण निर्बुद्ध नाही. तिला एकतर वाटेल की रोग बळावला, नाहीतर कळेल की घरातल्या सर्वांनी मिळून आपल्याला फसविले. पहिल्या समजुतीने तिची उमेद खचते. दुसरीने तिचा भरवसा जातो, आणि भरवसा गेलेला रुग्ण पुढच्या मात्रेच्या दिवशी गाडीत बसायला तयार होत नाही. जे टाळण्यासाठी लपविले तेच लपविल्याने घडते.

याहून एक गंभीर गोष्ट आहे. केशवपनात क्रौर्य नेमके कोठे होते? केस जाण्यात नव्हते. तिरुपतीला स्त्रिया आपल्या इच्छेने केस अर्पण करतात आणि ताठ मानेने घरी येतात. क्रौर्य होते ते तिच्या मस्तकाविषयीचा निर्णय तिला न विचारता इतरांनी करण्यात. आज वस्तरा धरणारा हात गेला, पण न विचारण्याची सवय शिल्लक आहे. रुग्ण स्त्रीला आधी माहिती देणे, केस राखायचे की आधीच कापायचे, पदर घ्यायचा की टोप, की उघड्या डोक्याने वावरायचे, हे ठरविण्याची मुभा तिला देणे, याला मी उपचाराचाच भाग समजतो, आणि त्यात हयगय करणाऱ्या डॉक्टरने अर्धेच काम केले असे म्हणतो.

चौथा पक्ष तेले विकणाऱ्यांचा आहे. त्याचा समाचार थोडक्यात घेतो. माका, जास्वंद, कांद्याचा रस, गुप्त मुळ्यांचा अर्क, यांपैकी कशानेही केमोने गळणारे केस थांबत नाहीत. खोबरेल लावल्याने कोरड्या त्वचेला आराम पडतो, तेवढाच त्याचा गुण. मुंडन केल्याने केस दाट येतात हाही भ्रमच. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो आणि त्याला कापल्याची वार्ता मुळापर्यंत पोचत नाही. भारतातील १९४५ च्या औषधविषयक नियमांत जी अनुसूची ‘जे’ आहे, तिच्यातील व्याधी बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, आणि त्या यादीत टकलेपणाचा स्पष्ट समावेश आहे. तरी बाजारात बाटल्या आहेतच. बायोटिनच्या गोळ्या मोठ्या मात्रेत घेतल्या तर थायरॉईडच्या व हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे निकाल चुकू शकतात, हे दुकानदार सांगत नाही. २०२५ च्या आरंभी बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसराच्या गावांत माणसांना अचानक टक्कल पडू लागले तेव्हाही विषाणूची आवई उठली, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरातील सेलेनियमचे वाढलेले प्रमाण दाखवून रेशनच्या गव्हाकडे बोट केले. कारण शोधावे, मग इलाज करावा, हाच क्रम योग्य. तापानंतरची गळती सहा महिन्यांनंतरही थांबली नाही तर रक्तातील लोह आणि थायरॉईड तपासावे, आहारात डाळी, अंडी, दूध यांची भर घालावी, आणि मिनॉक्सिडिलसारखे औषध लावायचे असल्यास त्वचारोगतज्ज्ञाला विचारून लावावे.

खंडन एवढे पुरे. करावे काय, ते आता सांगतो. केमोची तारीख ठरताच केस जाणार की नाहीत, केव्हा जाणार, केव्हा येणार, हे डॉक्टरने रुग्णाला, नातेवाइकाला नव्हे, मराठीत सांगावे. तिची इच्छा असेल तर लांब केस आधीच आखूड करून घ्यावेत. अचानक मुठीत आलेल्या लांब वेणीपेक्षा आखूड केसांचे जाणे सोसवते. राहिलेले केस काढायचे तर वस्तरा नको, मशीन वापरावे, कारण केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना लहानशी जखमही चिघळू शकते. नगरच्या उन्हाळ्यात उघड्या टाळूला ऊन भाजते आणि हिवाळ्याच्या रात्री थंडी बाधते, म्हणून मऊ सुती फडके हवे. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत औषध चालू असताना डोक्याला थंड टोपी घालतात. तिने मुळांकडील रक्तप्रवाह घटतो व पुष्कळ रुग्णांचे केस बऱ्याच अंशी वाचतात, मात्र रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत. ही सोय आहे का, एवढे विचारण्याचा हक्क जामखेडच्या बाईलाही आहे.

हे सांगणार कोण, असा प्रश्न आमच्या जिल्ह्याने तरी विचारू नये. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचे जे काम उभारले, त्यात निरक्षर, दलित, परित्यक्ता स्त्रियांनी गावच्या आरोग्याची धुरा उचलली आणि कुष्ठरोगाविषयीची भीतीसुद्धा गावाच्या मनातून हटविली. ज्या मातीत हे घडले तेथील आशा सेविकेला केमो आणि केस यांविषयीच्या चार गोष्टी शिकविणे अवघड नाही. केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवस-उपचार केंद्रे काढण्याची तजवीज जाहीर झाली आहे; आपल्या जिल्हा रुग्णालयात ते केंद्र चालेल तेव्हा तेथे या समुपदेशनासाठी एक स्त्री कर्मचारी नेमलेली असावी.

आणि टोपाच्या खर्चाचे काय? ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत केमोच्या रुग्णाला टोप डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो. आपल्याकडे गरिबांच्या कर्करोगाच्या उपचाराचा भार उचलणारी जी राज्य योजना आहे, तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून ज्यांनी पुण्यात शाळा काढली, ज्यांच्या पत्नीने अध्यापनाचे शिक्षण याच नगरात घेतले आणि ज्यांच्या अनुयायांनी विधवांच्या डोक्यावरचा वस्तरा थांबविण्यासाठी सभा भरविली, त्या पुरुषाच्या नावाच्या योजनेत केमो घेणाऱ्या स्त्रीच्या टोपासाठी स्वतंत्र तरतूद असलीच पाहिजे. जिल्ह्यातील आमदारांनी ही मागणी विधिमंडळात मांडावी, आणि मतदारांनी त्यांच्याकडे तसा तगादा लावावा.