गाडी किती वेळ गरम करायची?

आधी मत सांगून टाकतो, वाद नंतर घाला. तुमची गाडी गेल्या पंधरा वर्षांतली असेल, इंजेक्शनचं इंजिन असेल आणि तुम्ही भिलाई, नागपूर, पुणे, सातारा अशा ठिकाणी राहत असाल, तर सकाळी सेल्फ मारल्यावर अर्धा मिनिट पुरे. पट्टा लावा, आरसे बघा, ऑइलचा दिवा विझला का बघा आणि निघा. पहिले चार-पाच किलोमीटर सावकाश चालवा. दहा-दहा मिनिटं गाडी दारात घुरघुरत ठेवण्यानं इंजिनाचं भलं होत नाही, झालं तर थोडं वाईटच होतं.

हे वाचून निम्मे फौजी वाचक खवळणार, माहीत आहे. आपल्याला एमटी पार्कमध्ये पहिल्या दिवसापासून उलटं शिकवलंय. फर्स्ट परेडला तेल, पाणी, हवा बघायची, इंजिन स्टार्ट करायचं, गेज बघायचे, आवाज ऐकायचा आणि काटा चढेपर्यंत गाडी हलवायची नाही. थंड गाडी गिअरमध्ये टाकणाऱ्याला उस्ताद पार्कभोवती किती फेऱ्या मारायला लावायचे, ते ज्याचं त्याला ठाऊक. तो हुकूम चुकीचा नव्हता. पण तो एका ठराविक मशीनसाठी आणि ठराविक जागेसाठी होता.

आधी मशीनचं बघू. जोंगा, जुनी जिप्सी, घरची मारुती ८००, सगळ्यांना कार्बुरेटर. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. कार्बुरेटरला इंजिन किती थंड आहे हे कळत नाही. ते कळायचं ड्रायव्हरच्या कानाला आणि हाताला. चोक लवकर सोडला तर गाडी पहिल्याच वळणावर गचके खाऊन बंद. भिलाईतही पहाटे पाचला सेक्टरा-सेक्टरांतून स्कूटर तिरकी करून किका मारणारी माणसं असायची, सहाची पाळी गाठायची म्हणून. तेव्हा गाडी गरम करणं ही चैन नव्हती, गरज होती.

आता ते काम कॉम्प्युटर करतो. पाण्याचं तापमान सांगणारा एक छोटा सेन्सर असतो, त्यावरून किती पेट्रोल सोडायचं ते ठरतं. म्हणून सकाळी आरपीएमचा काटा आपोआप बाराशे-पंधराशेवर जातो आणि हळूहळू खाली येतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या पेट्रोल दुचाकींवरूनही कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. नव्या स्कूटरवर चोकचा खटका शोधून बघा, सापडणार नाही.

आता जागा. लडाखमध्ये हिवाळा काढलेल्याला इंजिन गरम करण्याबद्दल कुणी अक्कल शिकवू नये. द्रासला जानेवारीत पारा शून्याखाली वीस-पंचवीस सहज जातो. साधं डिझेल तिथं दाटतं, त्यातलं मेण फिल्टरमध्ये अडकतं. बॅटरी काढून बुखारीशेजारी ठेवायची, सकाळी परत जोडायची. डिझेलमध्ये रॉकेल घालायचं, टाकीखाली आणि चेंबरखाली स्टोव्ह लावायचा, रात्री दर दोन तासांनी उठून इंजिन फिरवायचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याच त्रासासाठी. तिथं गाडी चालू असणं म्हणजे जखमी माणूस खाली पोचणं. तिथला हुकूम आजही तसाच पाळावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण मी सध्या आहे भिलाईला, एनसीसीच्या पोस्टिंगवर. इथं थंडी म्हणजे पहाटे दहा-बारा अंश, एखाद्या दिवशी त्याखाली. एप्रिल-मेमध्ये तर गाडी उन्हात आधीच तापलेली असते. तरी मे महिन्यातसुद्धा लोक दहा मिनिटं गरम करताना दिसतात! इंजिन ऑइलच्या डब्यावर बघा. १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असेल तर त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. १५डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे २० अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० वर. अशा तेलाला भिलाईची थंडी काय करणार? स्टार्ट केल्यावर काही सेकंदांत तेल वरपर्यंत पोचतं, ऑइलचा दिवा विझतो. तो विझत नसेल तर गरम करत बसू नका, गाडी बंद करून मिस्त्रीला बोलवा.

वाईट काय होतं, तेही सांगतो. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं. त्यातलं सगळं जळत नाही. काही सिलिंडरच्या थंड भिंतीवर चिकटतं, तिथला तेलाचा पापुद्रा धुऊन टाकतं आणि खाली चेंबरमध्ये उतरून तेल पातळ करतं. म्हणजे हा थंडपणाचा काळ जितका लवकर संपेल तितकं चांगलं. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते तापायला वेळ लावतं. हलक्या भारावर चालवलं की लवकर तापतं. शिवाय उभ्या गाडीत तापतं ते फक्त इंजिन. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चाकांचे बेअरिंग, टायर थंडच राहतात. ते चालवल्याशिवाय गरम होत नाहीत. दहा मिनिटं थांबून नंतर एक्सलेटर दाबत हायवेला लागणारा ड्रायव्हर गाडीला जास्त त्रास देतो. अर्ध्या मिनिटात निघून पहिले काही किलोमीटर दोन हजार आरपीएमच्या आसपास चालवणारा परवडला. बीएस-६ डिझेलवाल्यांना आणखी एक गोष्ट. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर उभ्या गाडीत भरतो आणि लांब रस्त्यावर चालवल्यावर साफ होतो.

या सगळ्याला सर्वात चांगलं उत्तर मला शेजारच्या काकांनी दिलं. मूळचे गोंदियाकडचे, जन्म गेला प्लांटमध्ये, कोक ओव्हनवर. म्हणाले, "काऊन घाई करता, सुभेदारसाहेब? कोक ओव्हनची बॅटरी पहिल्यांदा पेटवली की तापवायला महिने लागतात. घाई केली तर भिंत फाटते." खरं आहे. त्या भिंती सिलिका विटांच्या. सिलिका पहिल्या काहीशे अंशांतच भराभर फुगते, म्हणून दिवसाला थोडे-थोडे अंश चढवत नेतात आणि एकदा तापलेली बॅटरी शक्यतो पुन्हा थंड होऊ देत नाहीत. १९५९ पासून भट्ट्या पेटत्या ठेवणाऱ्या गावात 'थंड वस्तूवर एकदम जोर टाकू नये' हे लहान मुलालाही पटतं, आणि मलाही पटतं. पण काकांचं म्हणणं माझ्याच बाजूचं आहे. त्यांचा मुद्दा जोर न टाकण्याचा आहे, आणि सावकाश चालवणं म्हणजे तेच. गाडीचं इंजिन हजारो विटांची भिंत नव्हे. हाताच्या कवेत मावणारा धातूचा ठोकळा तो. त्यात थर्मोस्टॅट आहे. पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या जवळ जाईपर्यंत तो त्याला रेडिएटरकडे जाऊच देत नाही. बनवणाऱ्यानं लवकर तापण्याची सोय करूनच दिली आहे.

काकांना हे पटलं असं म्हणणार नाही. ते पाच मिनिटांवर आले, त्याखाली यायला तयार नाहीत. पण एका गोष्टीवर ते लगेच गप्प झाले. त्यांची गाडी क्वार्टरला जोडलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, तीन बाजूंनी बंद. नातीच्या खोलीची खिडकी त्याच शेडमध्ये उघडते. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायू मारतो खरा, पण अडीचशे-तीनशे अंश तापल्यावर. थंड असताना तो नुसता डबा. म्हणजे गाडीचा धूर सर्वात विषारी असतो तो नेमका त्या पहिल्या मिनिटांत, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला वास नाही, रंग नाही.

भिलाईत हा वायू कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ब्लास्ट फर्नेसच्या गॅसमध्ये तोच मोठ्या प्रमाणात असतो. १२ जून २०१४ ला प्लांटच्या पंप हाऊसजवळ तो गळला आणि सहा माणसं गेली, त्यांत दोन डेप्युटी जनरल मॅनेजर होते. काकांनी दुसऱ्या दिवसापासून गाडी आधी रस्त्यावर काढायला सुरुवात केली. त्यांची पाच मिनिटं ते तिथं घालवतात, स्टिअरिंगवर बसून. घालवोत. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका, एवढं तरी ऐका, बाकीचं नाही ऐकलंत तरी चालेल.

स्टिअरिंगवर बसून म्हटलं, त्यालाही कारण आहे. गाडी चालू करून आत चहा प्यायला जाणारे पुष्कळ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ वाचा. सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. चोराला चावी लावून गाडी देणं, ते वेगळंच.

खर्चाचंही गणित मांडून बघा. उभी कार तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल खाते असं धरू. रोज दहा मिनिटं म्हणजे सव्वाशे मिली. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सदतीस-अडतीस लिटर. भिलाई ते नागपूर साधारण २६० किलोमीटर, पंधराच्या ॲव्हरेजनं जाऊन-येऊन पस्तीस लिटरांत होतं. वर्षातून एकदा सगळं घर माहेरी जाऊन येईल एवढं पेट्रोल आपण दारात उभं राहून जाळतो.

अपवाद आहेतच. एअर ब्रेकचा ट्रक किंवा बस असेल तर टाकीत हवेचा दाब भरेपर्यंत, बझर बंद होईपर्यंत हलायचं नाही. ते इंजिनासाठी नाही, ब्रेकसाठी आहे, आणि त्याला पर्याय नाही. टर्बोच्या गाडीला स्टार्ट केल्याबरोबर रेस देऊ नका, आणि घाट चढून आल्यावर बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट शांत चालू द्या. काचेवर दव साचलं असेल तर पुसा, दिसत नसताना निघू नका. आणि ज्यांच्याकडे अजून कार्बुरेटरची जिप्सी आहे, त्यांनी माझं काहीच ऐकू नये. चोक ओढा, विडी ओढा, काय करायचं ते करा.

शेवटचं, पोस्टिंगवर असलेल्यांसाठी. गाडी गावी उभी आणि आपण इकडे. मग घरी फोन, "दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवा." बाबा बिचारे इमानदारीनं करतात. त्या दहा मिनिटांत सेल्फनं खाल्लेली बॅटरी जेमतेम भरून येते, कधी तेवढीही नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, तेलात पेट्रोल उतरतं आणि टायर त्याच जागी दबून राहतात. त्यापेक्षा भावाला किंवा मित्राला सांगा, पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आण. कुणीच चालवणारं नसेल तर हवा थोडी जास्त भरून ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि सुट्टीवर जाईपर्यंत गाडीला झोपू द्या. बाबांना सांगा, रविवारी आराम करा.