मानशीचे पैसे बांधालाच मिळायला हवेत

पावसाळा तोंडावर आला की गोव्यात चर्चा सुरू होते ती रस्त्यांवरच्या खड्ड्यांची आणि तुंबलेल्या गटारांची. खाडीकाठच्या आमच्यासारख्या गावांच्या पोटात गोळा येतो तो बांधाच्या काळजीनं. माझं घर मांडवीच्या काठावर आहे आणि खाजनात आमची थोडी शेती आहे. बांध फुटला तर नुकसान फक्त शेतकऱ्याचं होतं असा समज गावागावांत घट्ट बसला आहे. तो खोटा आहे, म्हणून हे लिहिते आहे.

खाजन ही भरतीच्या पातळीहून खोल असलेली, बांध घालून खाऱ्या पाण्याकडून सोडवून घेतलेली जमीन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे असं मानलं जातं. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्याचा हा जवळजवळ विसावा भाग. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटांतही खाजनाचे उल्लेख सापडतात. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या माणसांनी चिकण माती, चिरे आणि पेंढा यांच्या जोरावर खाडी अडवून धरली आहे. पाणी आत-बाहेर करण्यासाठी बांधात बसवलेल्या मानशीची दारं तर पाहत राहावीत अशी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं ती मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात. वीज नाही, मोटार नाही.

माझे बाबा प्रत्येक उधाणानंतर काठी घेऊन बांधावर फिरायचे. कुर्लीचं बीळ दिसलं की काठी घालून खोली अजमावायचे, मग चिकण मातीचा गोळा कोंबून टाचेनं दाबायचे, वर थोडा पेंढा आणि पुन्हा टाच. हे बीळ दिसायला बोटभर असतं. पाणी त्यातून आधी झिरपतं, मग माती घेऊन वाहतं आणि पुढच्या अमावास्येच्या भरतीला नेमकी तिथंच खांड पडते. बीळ बुजवायला एक माणूस पुरतो. खांड भरायची तर होड्या, चिरे, निविदा, मंजुरी आणि तोवर दोन्ही वेळची भरती शेतात. पहिल्या पावसानंतर बाबा शेतातलं पाणी जिभेवर घेऊन बघायचे. खारटपणा धुऊन मानशीवाटे निघून गेला की मगच कोंब आलेलं कोरगुटाचं बी फेकायचं. थोडा खार सोसणारं हे भात. त्याच्या पेजेवर आमची घरं उभी राहिली.

पूर्वी बांधाची राखण गावकरीकडे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडे होती. १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनं कुळं जमिनीची मालक झाली. हे व्हायलाच हवं होतं. आमच्या घरानंही पिढ्यान्‌पिढ्या खंड भरला आहे, त्यामुळे जुन्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. पण मालकी वाटली गेली तशी बांधाची जबाबदारी कुणी अंगावर घेतली नाही. ज्या कूळ संघटनांनी ती उचलायची त्यांतल्या किती तरी आज कागदावर आहेत. शेत पडीक टाकून मुंबईला किंवा आखातात गेलेला सभासद बांधावर कशाला येईल?

खरं दुखणं मात्र मानशीच्या लिलावात आहे. मानशीवर मासळी धरण्याचा हक्क बोली लावून दिला जातो. भरतीबरोबर सुंगटं, काळुंदरं, शेवटे, चणक आत येतात आणि ओहोटीला दारापाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. रीतीनं केलं तर यात काही वाईट नाही. भात आणि मासळी एकाच खाजनात, हेच तर या शेतीचं वैभव. पण बोली चढत गेली की ठेकेदाराला पैसे वसूल करायचे असतात. मग रात्री दारं उघडी अडवून ठेवायची, शेतात पाणी हवं त्याहून जास्त घ्यायचं, ते वेगानं सोडायचं. या ओढीनं बांध आतून खचतो आणि पिकात खार शिरतो. आमच्या गावात लावणीची भातं डोळ्यांदेखत पिवळी पडली. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं की हक्क लिलावात घेतलेला आहे. लिलावाचे पैसे बांधावर खर्च व्हायचे असतात. ते कुठं गेले याचा हिशेब आम्हाला आजवर कुणी वाचून दाखवलेला नाही.

दोन-चार वर्षं खारं पाणी साचलं की शेतात खारफुटी उगवते. खाडीच्या बाजूची खारफुटी बांधाला लाटांपासून वाचवते, ती हवीच. पण शेतात वाढलेलीही तोडता येत नाही, कारण कायद्यानं तिला संरक्षण आहे. शेतकरी कायमचा हरतो. मग जमीन विकत घेणारे फिरू लागतात. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत खाजनात विकासकामांना परवानगी नाही असं स्पष्ट लिहिलं आहे, तरी भराव पडताना आपण सगळेच बघतो.

आता ज्यांचं खाजनात पाऊलही पडत नाही त्यांच्याविषयी. बांध गेला की खार जमिनीखालून सरकतो आणि काठच्या वाड्यांवरच्या विहिरी मचूळ होतात. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की ते पाणी सामावून घेणारी जागा खाजनच असते. ती बुजली की पाणी घराच्या पायरीवर येतं. नोकरदाराच्या घरी येतं, दुकानदाराच्याही येतं.

मुलं चिखलात उतरायला तयार नाहीत, मग बांध राखायचा कुणासाठी, असं मला विचारतात. मुलांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. मजुरी आणि भाताचा भाव यांचा मेळ बसत नाही हे त्यांना दिसतं. पण खार सोसणारे ‘गोवा धान’ वाण जुने गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेनं दिलेले आहेत आणि कोरगुटाचा तांदूळ शोधत गिऱ्हाईक घरी येतं. बांध शाबूत असेल तर शेती आज ना उद्या परत सुरू होईल. बांधच गेला तर परतायला जागा उरणार नाही.

माझं मागणं साधं आहे. लिलावाचा पैसा वेगळ्या खात्यात जमा व्हावा, त्यातून बांधावर वर्षभर फिरणारा पगारी राखणदार नेमावा आणि मानशीची दारं कधी उघडायची हे शेत कसणाऱ्यांनी ठरवावं. नियम मोडणाऱ्या ठेकेदाराला पुढच्या बोलीत उभं करू नये. यासाठी नवं सरकारी खातं नको की नवी योजना नको.

पाऊस सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेला या. तुमचं शेत असो वा नसो. आपल्या गावच्या मानशीचा लिलाव किती रुपयांना गेला आणि त्यातले किती बांधावर खर्च झाले, हे उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.