वाढत्या अंगाचे बूट

फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवता येतो. आत दुमड घालायची, टाके कच्चे ठेवायचे, पोरगी वाढली की उसवून खाली सोडायचं. बुटाला दुमड नसते. ही गोष्ट आमच्या आदिलाबादच्या आयांना कळत नाही असं नाही, पण जून आला की दुकानात जाताना त्या ती घरी ठेवून जातात. "एक नंबर मोठाच द्या भैया, पाय वाढतोय ना त्याचा." भैया तयारच बसलेला असतो. तो एकाऐवजी दोन नंबर मोठा काढतो, पुढे कापसाचा बोळा कोंबतो आणि म्हणतो, "दो साल देखना नहीं पड़ेगा, माताजी." कापसाचा जिल्हा आहे आमचा, मान्य. म्हणून मुलांच्या बुटातही कापूस हवाच का?

नंबराचा हिशेब एकदा नीट समजून घ्या. आपल्या दुकानांत अजून इंग्रजांचेच नंबर चालतात. त्यांचं माप जवाच्या दाण्यावर बसवलेलं. तीन दाणे म्हणजे एक इंच आणि एक दाणा म्हणजे एक नंबर. म्हणजे एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा. मुलांचे नंबर चार इंचांपासून मोजायला लागतात, तेरापर्यंत जातात आणि पुन्हा एकपासून सुरू होतात. (मागच्या वर्षी तेरा होता, यंदा एक कसा, म्हणून दुकानदाराशी भांडणारी आई मी पाहिली आहे. तिचं काही चुकत नव्हतं, गणितच विचित्र आहे.) अंगठ्यापुढे मोकळी जागा हवी ती सेंटिमीटरभर, फार तर आपल्या करंगळीच्या रुंदीएवढी. वाढीसाठी तेवढी पुरते. त्यावर आणखी दोन नंबर चढवले की पुढे इंचभराहून जास्त पोकळी होते. मग पाय आत पुढे सरकतो, बूट निसटू नये म्हणून मूल बोटं आखडून चालतं, टाच वरखाली होऊन फोड येतात आणि जिन्यावर पोर तोंडघशी पडतं. दुसऱ्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षासाठी एवढं केलं त्या वर्षी, बूट मापात येतो खरा, पण तोवर तळवा झिजलेला आणि शिवण उसवलेली असते. पहिल्या वर्षी मोठा आणि दुसऱ्या वर्षी फाटका, असा तो बूट नीट बसला कधी?

तोकडा बूट तर याहून वाईट. लहान मुलाच्या पायातली हाडं पुरती टणक झालेली नसतात. मोठ्या माणसाला आवळलेला बूट लगेच कळतो, मुलाचा पाय मात्र मुकाट्याने आत दबून बसतो. म्हणून "चावतोय का रे?" हा प्रश्न कामाचा नाही. टाचेत लाल दिवा लुकलुकत असला की कुठलंही मूल "नाही" म्हणतं. विचारायचं नाही, दाबून बघायचं.

पण आयांवर रागावून मी थांबणार नाही. त्या दोन नंबर मोठा का घेतात? कारण शाळेने त्यांना तिथवर आणून ठेवलं आहे.

रोजचा काळा बूट वेगळा, शनिवारचा पांढरा वेगळा. मोजे दोन रंगांचे, त्यावर शाळेची पट्टी. दोन मुलं असली की जूनमध्ये बुटांचे चार जोड आले. आणि वही-पुस्तकं, फी, बसचे पैसे हे सगळं त्याच आठवड्यात. अशा वेळी कुठली आई म्हणेल की जानेवारीत पुन्हा मोजू, पाय वाढला असला तर पुन्हा घेऊ? ती दोन वर्षांचा बूट मागणारच. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा पाय वर्षात एखादा नंबर सहज वाढतो, म्हणजे तीन-चार महिन्यांनी तपासायलाच हवं. ते तिला परवडेल तेव्हा ना! पांढऱ्या जोडाचे पैसे वाचले तर तेच संक्रांतीला बदलायच्या काळ्या जोडाला लागतील. आठवड्यातून एकदा कवायतीला पांढरा पायच हवा, हा हट्ट मला आजवर कुणी समजावून सांगितलेला नाही.

माझ्या नातवाच्या शाळेत बूट शाळेच्याच काउंटरवर घ्यावे लागतात. त्याचा पाय चवड्याला रुंद आहे, आमच्या घराण्याचाच तसा. लांबीला बसणारा बूट करंगळीला आवळतो, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, मोठा घ्या. सून म्हणाली, बाजारातून रुंद बघून आणते. उत्तर आलं, तो चालणार नाही, त्यावर आमचा शिक्का नाही. बुटावर शिक्का! पायाला बसतो की नाही ते नंतर. २०२४ च्या मे अखेरीस हैदराबादच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी खासगी शाळांना आवारात गणवेश, बूट, पट्टे विकायला मनाई केली होती. तशी ताकीद द्यावीशी वाटावी इतकं हे सगळीकडचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. त्याआधी हजारापर्यंत बारा आणि हजारावर अठरा टक्के होता. तुमच्या शाळेच्या काउंटरवरचा आकडा तेवढा उतरला का, जाऊन विचारा. आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्या आईकडेच वळून बघतात.

आणि रुंद पाय हा काही माझ्या नातवाचा दोष नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निघालं काय, तर आपले पाय चवड्याला जास्त रुंद. आपण लांबीचा नंबर बघतो, रुंदीत अडकतो, म्हणून लांब बूट घेतो आणि नाडी आवळून बसवतो. या मोजणीवरून 'भा' नावाची आपली स्वतःची मापं सुचवली गेली, त्यात मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे गट आहेत. मुलींचा पाय अकराव्या वर्षाच्या सुमाराला सर्वांत जोराने वाढतो आणि मुलांचा पंधरा-सोळाव्या, हेही त्यातच दिसलं. पाचवी-सहावीतल्या मुलीच्या आयांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. तिच्या फ्रॉककडे सगळ्यांचं लक्ष असतं, पायाकडे नसतं.

आता आपल्या घरांतलं. आपण दुकानात पहिला प्रश्न काय विचारतो? "चमड़े का तो नहीं है ना?" तो विचारायलाच हवा, मी तो सोडा म्हणत नाही. पण दुसरा प्रश्नच नसतो आपल्याकडे. चामडं पायाप्रमाणे थोडं सैलावतं, रेक्झिन सैलावत नाही आणि त्यातून वाराही जात नाही. मग चामडं न वापरणाऱ्या घरानं तर माप दुप्पट नीट घ्यायला हवं. घालून घालून सैल होईल ही आशा आपल्यासाठी नाहीच. आपल्याला खरा सोयीचा बूट म्हणजे कॅनव्हासचा. कापडाचा, धुता येतो, वारा खेळतो आणि बहुधा स्वस्तही. पण शाळेच्या नियमात काळा, चकचकीत, पॉलिश करता येईल असाच हवा.

हा चकचकीत बूट आमच्या गावात घालून दाखवा. शाळा उघडतात १२ जूनच्या सुमाराला, ऊन अजून उतरलेलं नसतं. बंद रेक्झिनमध्ये सहा तास पाय उकडतो, मोजे ओलेचिंब, बोटांच्या बेचक्यांत खाज. मग पाऊस लागतो. बेला, जैनथकडून येणाऱ्या पोरांना काळ्या मातीतून यावं लागतं, आणि काळी माती काय चीज आहे ते पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे कुणाला सांगायला नको. दहा पावलांत बुटाला किलोभराचा गोळा. ओला बूट रात्रीत वाळत नाही, सकाळी तोच पुन्हा पायात. मागे पट्टा असलेली सँडल असती तर नळाखाली धरली की झालं. थंडीचं विचाराल तर डिसेंबर-जानेवारीत आदिलाबाद कडक गारठतं, तेव्हा बंद बूट हवाच. तेव्हा घालू की! बारा महिने कशाला?

शिस्तीचं म्हणाल तर गंमत बघा. याच मुलांनी बारावीनंतर डॉक्टर व्हायला 'नीट' द्यायची, तर तिथला नियम सांगतो, बूट चालणार नाहीत, चप्पल किंवा कमी टाचेची सँडल घालून या. देशातली एवढी मोठी परीक्षा सँडलीवर होते, आणि आमच्या तिसरीच्या पोराचं पाढ्यांचं पाठांतर सँडलीने बिघडतं!

गरीब-श्रीमंत एक दिसावेत म्हणून एकसारखा बूट, असंही सांगतात. या मुद्द्याचा मी मान ठेवते. पण रंग एक ठेवून ते साधतं. 'काळा' म्हणा आणि थांबा. दोनशेचा असो की हजाराचा, कॅनव्हास असो की सँडल. एकच दुकान ठरवून दिलं की गरीब आईला स्वस्त मिळण्याची वाट बंद होते, समानता होत नाही.

स्थानकात एका काकींनी मला वेगळंच ऐकवलं. "आपल्या महासतीजी शेकडो मैल अनवाणी विहार करतात, आणि तुम्ही पोरांच्या बुटाचं घेऊन बसलात." काकी, त्यांनी ते व्रत समजून-उमजून घेतलं आहे. पाच वर्षांच्या मुलाने कुठलं व्रत घेतलं? त्याच्या टाचेचा फोड म्हणजे तप नव्हे, आपण न बघितल्याचा परिणाम आहे. जिवाला इजा नको म्हणून दिवा झाकणारी माणसं आपण, ती घरातल्याच पायाला विसरतात हे मला पटत नाही.

दानाबद्दलही एकदा बोलायचं आहे. आपल्यात वाढदिवसाला, पुण्यतिथीला सरकारी मराठी शाळेत बूट वाटतात. चांगलं काम आहे. पण खोकी ठोक बाजारातून येतात, अंदाजाने, मधले नंबर जास्त. फोटो होतो, आणि मोठ्या पायाची पोरं टाच चेपून बूट चपलेसारखा फटफट ओढत घरी जातात. सरकारंही यात फार पुढे नाहीत. शेजारी महाराष्ट्राने २०२३ साली एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे यांसाठी विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले. त्यात कसला बूट येतो ते ज्यांनी आकडा ठरवला त्यांनी घालून बघावं. कर्नाटकाचं मला बरं वाटलं. तिथे पैसे शाळेच्या समितीकडे जातात, पाचवीपर्यंत २६५, आठवीपर्यंत २९५, पुढे ३२५ रुपये, आणि हवामान बघून बुटाऐवजी सँडल घ्यायलाही मोकळीक आहे. आंध्रात २०२० पासून विद्या कानुकाच्या पिशवीत बूट आले, तेव्हा मास्तरांनी मुलांच्या पायांची मापं लिहून पाठवली. आपल्या तेलंगणात सरकारी शाळांचे गणवेश आता बचत गटाच्या बायका शिवतात. टेप त्यांच्या हातात आहेच. छाती-कंबर मोजून झाली की खाली वाकून पाय मोजायला किती वेळ लागतो?

पायाबरोबर वाढणारे बूटही निघालेत म्हणे. केंटन ली नावाच्या अमेरिकन माणसाने २००७ साली नैरोबीत एका मुलीचे पुढून कापलेले बूट पाहिले, आणि पुढे पाच नंबर वाढणारी सँडल काढली. पुण्याच्या एका कंपनीचेही ताणणारे बूट आहेत. छान आहे, पण त्या किमतीत आमच्याकडे कॅनव्हासचे दोन-तीन जोड येतात. मला आधी पट्टी आणि कागद हवा.

तो असा. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. मुलाला कागदावर उभं करा, बसवून नको. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची रेघ काढा आणि जो मोठा असेल तो धरा. चवड्याची रुंदीही लिहा. तो कागद कापून पाकिटात ठेवा. दुकानात बुटातलं आतलं तळपान निघत असेल तर काढून त्यावर कागद ठेवा, रुंदीत बाहेर येत असेल तर पुढचा नंबर नको, दुसरा बूट हवा. मोजे घालून चालवून बघा. टाच निसटते का ते मागून बघा. बूट हातात घेऊन वाकवा, बोटं वळतात तिथेच तो वळला पाहिजे, मधोमध नाही. नाडी किंवा चिकटपट्टी हवीच, नुसता सरकवायचा बूट शाळेला नको. दादाचा बूट ताईला देणार असाल तर आतला ठसा बघा. खोल पडला असेल तर राहू द्या.

शाळेसाठी मी अर्ज लिहून ठेवला आहे, पाच-सात ओळींचा. बुटाचा रंग सांगा, दुकान सांगू नका. पांढऱ्या जोडाची सक्ती काढा. जून ते ऑक्टोबर पट्ट्याची सँडल चालू द्या. आतापर्यंत अकरा जणींच्या सह्या झाल्या आहेत, त्यांतल्या चार जणी म्हणाल्या, नाव शेवटी घाला. शेवटी घालीन. तेलुगूत करून द्यायला शेजारच्या मास्तरीणबाई तयार आहेत. पालकसभा शाळा उघडायच्या आधी असते, त्यामुळे ज्यांना सही करायची आहे त्यांनी मे महिन्यात यावं, आणि येताना मुलाच्या पायाचा कागदही आणावा, तो अर्जाला जोडायचा आहे.